खेकड्यांचं भांडण सोडवल्याबद्दल

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. इथली फरशी कायम ओली असते, खरंच घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला बसला का, की अजून फोनवर तोच आधी बोलतो? आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे रीत म्हणून लिहीत नाहीये, परवापर्यंत हे वाक्य लिहायची माझी टाप नव्हती.

तू शब्द टाकलास म्हणून तुझ्या मैत्रिणीनं, म्हणजे आमच्या मॅडमनी, मला प्रयोगशाळेत खेकडे सांभाळायला ठेवलं. आधी काम बघू, मग कायम करू, असं ठरलं होतं. आता इथं काम चालतं स्टेरॉइडवर. मी आपला पहिल्या दिवशी घाबरलो, कारण स्टेरॉइड म्हटलं की मला आपला व्यायामशाळेतला मावसभाऊ आठवतो (तुझाच मुलगा, पण खरं ते खरं). मॅडमनी समजावलं, की हे खेकड्याच्या अंगातलंच हार्मोन, एक्डायसोन नावाचं. किड्यांमध्येही तेच. डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, ती याला दाबून ठेवते. तिनं हात सैल सोडला की हार्मोन चढतं, जुनं कवच सुटतं, आणि मादीचं लग्न, अंड्यात बलक भरणं वगैरे पुढचं सगळं या हार्मोनच्या चढउतारावर. गंमत म्हणजे ते बनतं कोलेस्टेरॉलपासून, आणि या बिचाऱ्यांना ते स्वतः तयार करता येत नाही, खाऊनच मिळवावं लागतं. काका ज्याच्यापायी रोज सकाळी बागेला चकरा मारतात, ते इथं मी मापून ताटात वाढतो.

तर मॅडमचं वर्षभराचं काम एका मादीवर येऊन ठेपलं होतं. रोज तिचा थेंबभर रक्ताचा नमुना घ्यायचा, हार्मोन किती चढलं ते बघायचं. बघता बघता ते भराभर चढलं. मॅडम खूश. मोठा नर तिच्या टाकीत सोडला आणि बाई दिवसभराच्या मीटिंगला गेल्या. मला हार्मोनचं सगळं सांगितलं होतं, पण खेकड्यांचं प्रेम दिसतं कसं हे सांगायचं राहून गेलं. दुपारी बघतो तर त्या दांडगटानं तिला अंगाखाली पायांत पकडून ठेवलेलं, आणि तसाच घेऊन टाकीभर मिरवतोय. ती गप्प. माझं डोकंच सणकलं. भांडण दिसलं की मध्ये पडायचं हे आपल्या घराण्यातच आहे (जिन्यात भेटलेल्या अनोळखी जोडप्यालाही तू सोडत नाहीस), मी कसा गप्प बसणार? लांब चिमटा घेतला, अंगठ्याचं वाटोळं करून घेतलं, पण दोघांना सोडवलं. तिला शेजारच्या बायकांच्या टाकीत ठेवलं. म्हटलं, चार दिवस माहेरी राहू दे, डोकं शांत होईल.

मॅडम परत आल्यावर मी ही हकिकत मोठ्या अभिमानानं सांगितली. त्या खुर्चीत बसल्या. मग सावकाश सांगितलं, की तो तिला मारत नव्हता, राखत होता. मादी कात टाकायला आली हे नराला वासावरून कळतं, आणि कवच सुटेपर्यंत तो तिला असाच धरून फिरतो. मिलन होतं ते कवच मऊ असतानाच. आणि मऊ खेकडा बाकीच्यांच्या हाती लागला, तर ते त्याला खाऊन मोकळे होतात.

आम्ही धावलो. टाकीच्या तळाशी पाय, नांग्या, डोळ्यांसकट ती पडलेली, आणि भोवती बाकीच्या बायका काही घडलंच नाही अशा तोंडानं उभ्या. नोकरी गेली, मॅडमचं वर्ष गेलं, तुझा शब्द गेला, आणि तिला त्या टाकीत मी स्वतःच्या हातानं सोडलं होतं. मॅडमनी हात घालून उचललं तर हलकं, पोकळ, मागून उसवलेलं कवच. म्हणजे कात टाकलेली होती. पण मालकीण कुठाय? मी कोपर बुडवून टाकीभर चाचपलं, तेव्हा पाण्याच्या पाइपात मागे सरकून बसलेली सापडली, ओल्या चामड्यासारखी मऊ, पण सगळे पाय शाबूत. दोन्ही तळव्यांवर धरून नराकडे नेली. त्याला मी चिमट्यानं हाणलेलं, तो राग तिच्यावर काढतो की काय या धास्तीनं मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यानं तिला इतक्या अलगद उलटी करून जवळ घेतलं होतं, की मला रडूच आलं. मॅडमनी टाकी पुसायचा कागद पुढे केला, तो घेतला.

मधले आठवडे मी जेवलो असेन, झोपलोही असेन, पण काही आठवत नाही. परवा सकाळी तिच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा हा एवढा घोस. मावशी, किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू. मॅडम म्हणाल्या, आता तुला कायम करायला हरकत नाही. तुझा शब्द राहिला.

काकांना नमस्कार, मावसभावाला तब्येत सांभाळायला सांग.

तुझा,
भाचा

ता. क. ऑर्डर अजून हातात नाही. मला आता डासांची खोली दिली आहे, तिथं अंडी आली की मॅडम सही करणार. डासांच्या मादीचं असं, की रक्त पोटात गेल्याशिवाय तिच्या अंडाशयात हे हार्मोन बनत नाही, आणि त्याच्याशिवाय अंडी नाहीत. (डास इथंच वाढलेले आहेत, एकदम निरोगी.) पिंजऱ्यात हात घालून बसायचं, एवढंच काम. मी रोज बसतो. एकही चावत नाही. मॅडमनी सांगितलं म्हणून आंघोळ न करताही बसून पाहिलं.

आणखी ता. क. मांडवभर माणसं असली तरी डास नेमके तुलाच शोधून काढतात, हे मी मॅडमना सहज बोलून गेलो. तुला भेटून बरेच दिवस झाले, असं त्यांनाही एकदम वाटायला लागलंय. तिकीट काढून सोबत पाठवत आहे. अर्ध्या बाह्यांचे कपडे घे, आणि ते डास पळवायचं मलम मात्र घरीच विसर.