विरळणी

१२ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्या दंडावरची चिमूटभर कातडी सुखरूप पोचली. तिच्यातून इथे लॅबमध्ये पेशी वाढल्या आणि त्या तुझ्यासारख्याच हट्टी निघाल्या. दोन-चार दिवसांत प्लेट, म्हणजे पेशी वाढवायची चपटी बशी, भरून टाकतात.

तू विचारलंस म्हणून सांगते. ज्या जनुकाने बाबांना नेलं, जे तुझ्यात आलं आणि माझ्यात आलं नाही, ते एक वाईट प्रोटीन बनवत राहतं. आम्ही एक विषाणू घेतो, त्याची आजार पसरवायची ताकद काढून टाकतो आणि त्यात छोटासा निरोप भरतो. तो पेशीत शिरतो, निरोप ठेवतो आणि ते जनुक गप्प बसतं. म्हणजे, बसावं. मग प्लेटमध्ये एक जालीम औषध घालायचं. ज्यांच्यात विषाणू शिरला त्या पेशींना त्याच्यासोबत औषध पचवायची ताकदही मिळते, म्हणून त्या जगतात, बाकीच्या मरतात. जगलेल्यांतच मोजायचं, प्रोटीन कमी झालं का ते.

हा प्लेटमधला प्रयोग आहे, तुझ्यावरचा इलाज नाही, हे शंभरदा सांगून झालंय. हे एकशे एकावं. प्लेटवर नंबर लिहायचा असतो, मी "दादा" लिहिलं. आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी डोळे वटारले.

वहिनीला नमस्कार, छकुलीला पापा. लोभ आहेच, रागावणंही चालू ठेव.

तुझी,
खारू


३ फेब्रुवारी

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद, अक्षर लागलं तर. एवढं लिहायला आख्खी सकाळ गेली, तेव्हा निदान दोनदा वाच. माझी कातडी तिकडे ऐषारामात वाढतेय आणि मी इथे शर्टाच्या बटणाशी झगडतोय, हा कुठला न्याय? परवा नर्सरीत टोमॅटोच्या रोपांचा ट्रे उचलला आणि स्वतःच्याच पायावर पाडला. माळीकाका म्हणाले, ट्रेच निसरडा होता. भला माणूस, खोटं बोलता येत नाही त्याला.

इलाज नाही हे कळतं गं मला, इतका बावळट नाही मी. पण काल छकुलीने कप उचलला आणि तिचा हात हलला. मी तिला तो पुन्हा पुन्हा उचलायला लावला. सहा वर्षांची पोर, कप जड होता, एवढंच. तरीसुद्धा. मला एकच ऐकायचंय, की ते जनुक एकदा, एका प्लेटमध्ये का होईना, गप्प बसलं. म्हणजे तिच्या वेळेपर्यंत काहीतरी निघेल असं मानून मी निवांत जाईन. तेवढं लवकर कळव.

तुझा,
दादा


२२ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. चार दिवस हे पत्र टाळत होते. प्रयोग फसला. प्रोटीन जेमतेम पाव भाग कमी झालं. मॅडमच्या मते आमचा निरोपच कुचकामी आहे, म्हणून हे काम थांबवून दुसऱ्या जनुकाकडे वळायचं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

तुझ्या पेशी मात्र मजेत आहेत. औषध घातल्यावरसुद्धा प्लेट भरलेलीच होती, एवढ्या चिवट. त्याचाच काय तो आनंद. दादा, तू एकच गोष्ट मागितलीस आणि तीही मला देता आली नाही. माया पातळ करू नकोस.

तुझी,
खारू


५ एप्रिल

चि. खारूस,

आशीर्वाद. अक्षर तुझ्या वहिनीचं, शब्द माझे. ती मधेमधे स्वतःचं घुसडते, तिकडे दुर्लक्ष कर. (मी काहीही घुसडत नाही. जेवत नाहीत, हे मात्र माझं.)

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. एक गोष्ट खटकतेय. जालीम औषध घातल्यावर प्लेट भरलेली कशी? मला विज्ञान कळत नाही, पण विरळणी कळते. दाट उगवलेली रोपं उपटून झाली की वाफा ओकाबोका दिसला पाहिजे. भरलेला दिसला, तर समजायचं, करणाऱ्याने हात राखून काम केलंय. तू लहानपणी मी उपटलेली रोपं फ्रॉकच्या खिशात लपवायचीस आणि घरामागे परत लावायचीस. म्हणून तर तुझं नाव खारू पडलं.

खरं सांग. वर माझं नाव होतं म्हणून हात आखडलास ना? रागावलो नाहीये. पण सांग.

दादा


१५ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. हो. अर्धंच औषध घातलं, आणि वहीत नेहमीचा आकडा लिहिला. तेवढ्यानेच पेशी गोल होऊन तळापासून सुटायला लागल्या, वर तुझं नाव, आणि माझ्याने बघवेना. मी स्वतःला सांगितलं, अर्ध्याने भागेल. विषाणू न शिरलेल्याही जगल्या, प्रोटीन बनवत राहिल्या आणि मोजताना सगळ्या एकत्र आल्या. एवढं शिकून मी हे केलं.

काल मॅडमना सगळं सांगितलं. कधी नव्हे त्या ओरडल्या. आज सकाळी स्वतःच फ्रीझरची किल्ली पुढे केली. तुझ्या पेशींची एकच कुपी उरलीय. पुन्हा करते. सहा-सात आठवडे लागतील. दादा, थांबशील ना रे?

खारू


१९ मे

चि. खारूस,

आशीर्वाद. अकरा तारखेला फोनवर मला एवढंच म्हणता आलं की हे गेले. तू निघते म्हणालीस तर मी नको म्हटलं, ते माझ्या मनाने नाही. यांनी बजावून ठेवलं होतं की तिची प्लेट चालू असेल तर तिला बोलवायचं नाही. माझ्यावर राग धरू नकोस.

रोज विचारायचे, खारूचं पत्र आलं का. मग बोलणं कळेनासं झालं. तरी मी खोलीत शिरले की चिमूट करून बोटं वर ओढायचे, रोप उपटल्यासारखी. मला कळायचं काय विचारतायत ते. मी नाही म्हणायचे.

पोरगी घरामागे जाऊन बसते. जमेल तेव्हा लिही.

तुझी,
वहिनी


३ जून

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. तुझा फोन आला त्या दिवशी सकाळीच मी औषध घातलं होतं. पूर्ण. प्लेटवर फक्त नंबर होता, सतरा. तिसऱ्या दिवशी ती ओकीबोकी झाली. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि सगळं बघितलं. दहातल्या आठ गेल्या. उरल्या त्यांना वाढवलं आणि काल मोजलं.

वहिनी, ते जनुक गप्प बसलंय. प्रोटीनचा दहा भागांतला एक भागसुद्धा उरला नाही. मी तीनदा मोजलं, चौथ्यांदा मॅडमनी.

पहिल्या वेळी मी हात आखडला नसता तर हे त्याला मार्चमध्येच कळलं असतं. हे दुःख मला जन्मभर पुरेल, त्यावर तू समजूत घालू नकोस. छकुली मोठी झाली की तिला सगळं सांग. इलाज अजून लांब आहे, पण एकदा ते गप्प बसलं, आणि आत्याने आधी चूक केली होती, हेही सांग.

मॅडम म्हणाल्या, आता लिही त्याचं नाव प्लेटवर. मी नंबरच ठेवलाय. अजून पुष्कळ प्लेटा विरळायच्या आहेत, आणि त्याचं नाव दिसलं की माझा हात चालत नाही.

लोभ असू दे, त्याच्या वाट्याचाही.

तुझी,
खारू