मागच्या पडवीतली गोळी

आई,

परवा संध्याकाळी माझ्या नातीचा, म्हणजे तुझ्या पणतीचा, पुण्याहून फोन आला. तिचं नुकतंच लग्न झालंय. दोघांनी मिळून ठरवलंय की दोन वर्षं मूल नको, म्हणून डॉक्टरांना विचारून तिनं गोळ्या सुरू केल्यात. हे सगळं ती आजीला मोठ्या आवाजात सांगत होती आणि मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. ‘आजी, सकाळी नुसतं मळमळतं गं. डोकं धरतं. आणि मध्येच डाग दिसतो. सोडून देऊ का?’ तुझ्या सुनेनं चष्मा कपाळावर ढकलला आणि लोणच्याची कृती सांगावी तशा आवाजात म्हणाली, ‘अशी सोडू नको. रात्री पोटभर जेवून मग घे, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. रोज एकाच वेळी घ्यायची. दोन-तीन महिने अंग कुरकुर करतं, मग गप्प बसतं. नाहीच बसलं तर डॉक्टर गोळी बदलून देतील. पण पोटरी दुखली, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.’ शेवटी ती आणखी एक वाक्य बोलली. ते मी मागाहून लिहितो, त्याला मला थोडा धीर हवा. पण फोन ठेवला आणि माझ्या छातीत जी आग उठली, ती दोन दिवस झाले विझत नाही. पोरीला एका फोनवर जे मिळालं, ते हिला तुझ्या घरात का मिळालं नाही? मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय.

ते साल सत्त्याऐंशी असेल. धाकटा दीड वर्षाचा होता. त्याच्या वेळी हिच्या अंगावरून इतकं गेलं होतं की दवाखान्यातून घरी आणली तेव्हा नखं कागदासारखी पांढरी होती, आणि दीड वर्षानंतरही फार काही बदललं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला वेगळं बोलावून सांगितलं, ‘पुढची तीन वर्षं पोट राहता कामा नये. राहिलं तर ह्यांचं मी काही सांगू शकत नाही. आधी रक्त वाढू दे, ऑपरेशनचं मग बघू.’ सिस्टरनं पाकीट हातात दिलं. एकवीस पांढऱ्या गोळ्या आणि सात तपकिरी, लोहाच्या. सिस्टर आपल्याकडचीच होती, मोकळं बोलायची. ‘ताई, पहिले दोन-तीन महिने पोटात ढवळंल, डोकं धरंल, मधीच डाग दिसंल. घाबरायचं नाय नि सोडायची नाय. एक चुकली तर आठवंल तशी घ्यायची. पण चुकवायचीच कशाला?’ मग माझ्याकडे बघून, ‘भाऊ, ऐकताय ना? का तुमचं ध्यान खिडकीत?’ माझं ध्यान खरंच खिडकीत होतं. बाहेर सुरंगी फुलली होती.

तुला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून सांगितलं. सात गोळ्यांपुरतं ते खरं होतं.

आठवडाभरात हिला ओकाऱ्या सुरू झाल्या. तू चुलीवर बांगडा भाजत होतीस आणि ही तोंडाला पदर लावून मागच्या दारानं धावली. मला तुझा चेहरा अजून दिसतो. तू हसतेस. पाट सरकवतेस, आमसुलाचं सार करतेस, शेजारच्या काकीला कुंपणावरून हाक मारून सांगतेस, ‘सूनबायला दिवस गेलेत गो!’ काकी संध्याकाळी आवळे घेऊन येते. ही माझ्याकडे बघते. मी ओटीवर बसून पेपर वाचतोय. मी पान उलटतो.

आणि मग डाग दिसला. तू हिला न्हाणीजवळ गाठलंस. ‘काय केलंस गो? पाडलंस?’ हा शब्द तू वापरलास, आई. जिच्या अंगात रक्त नाही तिला तू हे विचारलंस. ती रडली नाही. तिनं सरळ सांगितलं, ‘आई, पोट नव्हतंच. मी मूल न होण्याच्या गोळ्या घेते. डॉक्टरांनी दिल्यात. त्यानंच मळमळतं आणि त्यानंच हे झालंय.’ तू म्हणालीस, ‘माझी सात झाली. चार पुरली. मी नाय कसली गोळी खाल्ली.’ हे तू अभिमानानं म्हणालीस की कशानं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही नाही. पण लगेच पुढं म्हणालीस, ‘बाहेरची झालीस ना? मग बस पडवीत.’

इथून खरी गंमत सुरू झाली. गंमतच म्हणतो, नाहीतर शिवी लिहावी लागेल. आपल्या घरी बाईला डाग दिसला की चार दिवस मागच्या पडवीत, पाचव्या दिवशी न्हाऊन घरात. देवानं महिन्यातून एकदाच दिलेल्या गोष्टीसाठी केलेला नियम तो. ह्या गोळ्यांचा डाग कधीही यायचा. ही पाचव्या दिवशी न्हायची, सहाव्या दिवशी थेंब दिसायचा, पुन्हा पडवी. ‘अहो आई, हे ते नव्हे, नुसता डाग आहे,’ ती सांगायची. ‘थेंब काय नि तांब्याभर काय, इटाळ तो इटाळच,’ तू म्हणायचीस. त्या महिन्यात ती जेमतेम नऊ-दहा दिवस घरात होती. वेगळं ताट, वेगळा तांब्या, गोणपाटावर वाकळ, आणि तिथंच नारळाच्या सोडणांचा ढीग. डोकं ठणकतंय, पोटात ढवळतंय, धाकटा उंबऱ्याशी उभा राहून हात पसरतोय आणि तू त्याला मागं ओढतेस. ‘शिवू नको रे.’ तो दीड वर्षाचा होता, आई!

आणि गोळ्या होत्या मधल्या घरात, फडताळावर. तिथं हिला हात लावता येत नव्हता. पाकीट पडवीत नेलं तर ते पुन्हा घरात येणार नाही, हा तुझा दुसरा नियम. म्हणजे गोळीमुळे डाग, डागामुळे पडवी, आणि पडवीत गोळी नाही. गोळी चुकली की डाग आणखी. असं चाक एखाद्या वैऱ्यालाही सुचलं नसतं. मी म्हटलं, ‘मी देईन रोज.’ आणि दिली. रोज रात्री जेवणं झाली की एका हातात गोळी, दुसऱ्या हातात कंदील. मी तिच्या ओंजळीत वरून गोळी सोडायचो. ती पाण्याबरोबर गिळायची आणि म्हणायची, ‘झाली एक.’

तुला आठवतं, पाचवीत असताना शाळेच्या संमेलनात मी आईवरची कविता म्हटली होती? तू पहिल्या रांगेत नव्या लुगड्यात बसली होतीस आणि पदरानं डोळे पुसत होतीस. गुरुजी म्हणाले होते, ह्याच्या तोंडून कविता ऐकली की माणसाला चांगलं व्हावंसं वाटतं. शाळेतल्या त्या कविता मला आयुष्यभर पुरल्या. अजून सकाळी अंगणात फेऱ्या घालताना त्याच म्हणतो, चालीसकट. पण ह्या वयात एक गोष्ट ध्यानात आलीय. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या एकाही आईला सून नव्हती. तिथली आई दळते, कांडते, वाट बघते, उपाशी राहून घास देते. पडवीतल्या आजारी पोरीला ‘माझ्या हातानं नाय’ असं ती कुठल्याच कडव्यात म्हणत नाही.

तू म्हणालीस. दुसरं पाकीट चालू होतं. मी दोन दिवस घरी नव्हतो. पहिल्या संध्याकाळी ती वाट बघत राहिली आणि मग पडवीतून हाक मारली, ‘आई, फडताळावरची तेवढी गोळी द्याल का? वरून टाका, शिवू नका.’ तू आतून म्हणालीस, ‘माझ्या हातानं नाय हो ते पाप.’ दुसऱ्या संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. तू दिव्याला तेल घालत राहिलीस. तिसऱ्या दिवशी मी आलो तर ती कपाळाला फडकं बांधून भिंतीला टेकलेली, आणि अंगावरून खूप रक्त गेलेलं. सिस्टर मला दवाखान्याच्या दारातच बोलली, ‘दोन चुकल्या? आता आठवडाभर लांब राहायचं, कळलं? नि पाळी येईपर्यंत देवाचं नाव घ्या.’ पाळी येईपर्यंतचे ते अठरा दिवस ती बोटांवर मोजत होती. प्रत्येक सकाळी मळमळलं की माझ्याकडे बघायची. गोळीची की कसली, हे कळायला मार्ग नव्हता. ती मरणाला भ्यायली होती, आई, आणि तुला ते दिसत होतं.

आपलं भांडण गावानं ऐकलं. मी म्हटलं, ‘एक गोळी वरून टाकायला तुझा हात झडला असता?’ तू म्हणालीस, ‘बायकोचा वकील आला बघा! तू खंय होतास रे दोन दिवस?’ मी चपला घालून बाहेर पडलो. महिन्याभरात रत्नागिरीत दोन खोल्या घेतल्या. तिसऱ्या पाकिटात तिची मळमळ गेली, डाग थांबले, गालांवर रंग आला. सिस्टर म्हणाली होती तसंच झालं. तू एकदाही खोलीवर आली नाहीस. दोन वर्षांनी तू गेलीस, आणि मी तुला खांदा दिला तोही रागातच.

आता ‘खंय होतास’ ह्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी राजापूरला होतो. तिथल्या वाचनालयात जुन्या शालेय कवितांचा कार्यक्रम होता. एका दिवसाचा होता, पण दुसऱ्या दिवशीही लोकांनी आग्रह केला आणि मी राहिलो. मी आईवरची कविताच म्हटली. टाळ्या पडल्या. हिची गोळी मला तेव्हा आठवलीच नाही.

आणि फोनवरचं ते शेवटचं वाक्य. ही नातीला म्हणाली, ‘आणि पाकीट आपल्याच उशाशी ठेवायचं. कुणाच्या हातात देऊ नकोस. नवऱ्याच्यासुद्धा.’

एवढं साधं होतं ते. पाकीट बाहेर गेलं तर आत येणार नाही, मग न येवो. तिथंच राहू दे तिच्या उशाशी, सोडणांच्या ढिगाजवळ. सिस्टरकडून दुसरं फुकट मिळत होतं. हे मला सुचलं नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती म्हणालीही होती, ‘अहो, पाकीटच इथं ठेवा ना.’ मी म्हटलं, ‘नको, मी आणीन रोज.’ अंधारातून कंदील घेऊन जाणं, तिची पुढं आलेली ओंजळ, ‘झाली एक’... मला ते फार आवडायचं.

तुझ्यावरचा राग मी मागं घेत नाही. आत्ताच ही विचारून गेली, काय लिहिताय एवढं? मी म्हटलं, कविता.