भुऱ्याला नदीपार सोडलं

३ ऑगस्ट, रविवार

लाली गेली! भुऱ्याच्या तोंडात होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली — पंख लोंबत होते, पिसं गल्लीभर, आणि हा शेपूट हलवत पार्वताबाईंच्या दाराकडे निघालेला. जसा काही बाजार करून आला!

झाडू घेऊन मागे धावले. पार्वताबाई छपरीत बसून तांदूळ निवडत होत्या. कुत्रा त्यांचाच. म्हणाल्या, "मरून पडेल होती व बाई, उचलली त्यानं. माहा भुरा नाई मारत."

पडेल होती म्हणे! कोंबडी काय आंबा आहे?

माझ्या तोंडून गेलं — "पोरगं हाती राहिलं नाही, कुत्रा काय राहणार!" त्यांचा अनुप पुण्याला गेला तो दिवाळीलाही येत नाही. जाताना हा कुत्रा आणून बांधून गेला, आईला सोबत म्हणून. सगळ्या कारधा गावाला माहीत आहे. मी ते बोलायला नको होतं. पण कोंबडी तर माझी मेली ना?

लालीला मागे पुरलं. हे म्हणाले, "साफ केली असती तर भाजी झाली असती, पुरून काय फायदा?" मी एरवी कोथिंबिरीच्या काड्याही टाकत नाही. पण आज जीव झाला नाही.

संध्याकाळी विहारात वर्षावासाचं, पावसाळाभर चालतं ते धम्मग्रंथाचं वाचन होतं. आमच्या बायकांत मॅट्रिक मीच, म्हणून तीन महिने वाचन माझ्याकडे. पार्वताबाई दर वर्षी माझ्या बाजूला बसतात. आजही तिथंच बसल्या. मी पान उलटलं, त्यांनी नेहमीसारखा कोपरा दाबून धरला. एकमेकींकडे पाहिलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

कोंबडी ती कोंबडी, दुसरी आणा — सगळे हेच म्हणतात. हर्षासुद्धा. नागपूरहून फोनवर म्हणते, "आई, तू ना कोंबड्यांचं फारच मनावर घेते."

कसं सांगू? ही अवलाद नाकाडोंगरीची, माझ्या आईच्या हातची. आईनं लग्नानंतर डालीखाली झाकून एक कोंबडी पाठवली होती, तिच्या नाती-पणत्या या. आई मागच्या साली गेली. घर भावानं पाडून नवं बांधलं. आता माहेरचं म्हणून माझ्याकडे दोनच उरल्या होत्या, लाली आणि कवडी. लाली गेली. बाकी दोन-तीन आहेत त्या बाजारच्या.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण रोज पहिलं शील म्हणतो, जीवहत्या करणार नाही. आणि पाहुणा आला की कोंबडा कापतो! मग भुऱ्यानं धरली तर मला एवढा राग का? त्यानं तर शील घेतलंच नाही. विहारात कोणाला विचारायची सोय नाही. हसतील.

१० ऑगस्ट, रविवार

वाचनानंतर विहाराच्या ओट्यावर बैठक. केवळरामभाऊ विहार कमिटीचे अध्यक्ष, तेच बोलले. "कुत्रा पाळा, पण बांधून पाळा. नाई तं लोढणं घाला. तरी आयकला नाई तं नदीपार!"

हे सांगताना त्यांचे स्वतःचे दोन कुत्रे त्यांच्याच पायाशी बसून अंग खाजवत होते. मोकळे! शकुनबाई मागून हळूच म्हणाली, "यायले कोण लोढणं घालन?" हशा झाला. केवळरामभाऊंना ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल.

पार्वताबाई उभ्या राहिल्या. "बांधून ठेवला तं रडते तो. लोढणंच घालतो."

बस, एवढंच. वाटलं होतं भांडतील, मला काही बोलतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

भुऱ्याच्या गळ्यात बाभळीचा ओंडका. ओढाळ गाईच्या गळ्यात बांधतात तसा. चालला की दोन्ही पायांच्या मधे लागतो, पळता येत नाही. दिवसभर गल्लीत खड्-खड्-खड्.

दुपारी आमच्या दारात येऊन बसला. मी हाड् म्हटलं. उठायला गेला आणि ओंडक्यावर पडला. मग तिथंच बसून राहिला. मी काही त्याला पोळी दिली नाही. सकाळची एक शिळी होती, ती तिथं ठेवून आत आले. दिली नाही, ठेवली.

१८ ऑगस्ट, सोमवार

कवडीचं अंडं आज पाचव्या दिवशीही नाही. तुरा तर लालभडक झाला आहे, रोज ओरडते, म्हणजे देऊन राहिली. डालीत नवी तणस घातली, तिथं नाही. न्हाणीमागे नाही, सरपणात नाही.

भुऱ्याची मान दुसऱ्याच दिवशी सोलली म्हणून पार्वताबाई त्याला मागच्या खोलीत ठेवतात. पण मागच्या खोलीच्या मोरीचं भोक आमच्याच कुपाटीकडे, कुंपणाकडे, उघडतं! तिथूनच येऊन अंडी खात असेल. आधी कोंबडी, आता अंडी. हे म्हणाले, "लोढणं घेऊन मोरीतून निंगते का तो?" — ते काही मला माहीत नाही. अंडी मग जातात कुठं?

२१ ऑगस्ट, गुरुवार

आजही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

कवडी नाही!!

सकाळी सोडली तेव्हा होती. संध्याकाळी सगळ्या डालीखाली आल्या, ती नाही. पीस नाही, रक्त नाही, काहीच नाही. बॅटरी घेऊन नाल्यापर्यंत जाऊन आले. आईसारखी जीभ टाळ्याला लावून टक्-टक् आवाज काढला. त्या आवाजावर ती कुठूनही धावत येते. नाही आली.

विहारात गेले ती वाचायला नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या माहेरचं शेवटचं होतं ते. आता एक तर हा कुत्रा गल्लीतून जाईल नाही तर मी वाचन सोडते."

केवळरामभाऊंनी चष्मा पुसला. "मंग ठरल्याप्रमानं नदीपार."

पार्वताबाई म्हणाल्या, "पाहिलं का कोणं त्याले धरताना?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "लालीला पाहिलं होतं." हे उत्तर झालं का? तेव्हा झालं असं वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सोडला.

हे आणि गल्लीतला विनोद मोटारसायकलवर घेऊन गेले. इकडची पद्धत अशी — कुत्र्याला पोत्यात घालायचं, पुलावरून भंडाऱ्याला न्यायचं, तिकडं उतरवण्याआधी पोतं गरगर फिरवायचं म्हणजे त्याला दिशा राहत नाही. आणि मधे वैनगंगा. पाणी ओलांडलं की वास तुटतो, कुत्रा परत येत नाही.

लोढणं पार्वताबाईंनी स्वतः काढलं. मानेला हळद-तेल लावलं. मग आत गेल्या आणि फडक्यात दोन पोळ्या बांधून आणल्या. विनोदला म्हणाल्या, "तिकडं सोडशीन तं हे दे त्याले. नव्या जागी लवकर कोनी देत नाई."

भुरा स्वतःच पोत्यात शिरला. त्याला वाटलं असेल कुठं फिरायला नेतात.

मी कुपाटीआडून पाहिलं. त्यांनी मला पाहिलं. मागच्या खोलीचं दार ओढून कडी लावली आणि म्हणाल्या, "आता त्या खोलीत माहं काय काम?" मला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गल्लीत खड्-खड् नाही. झोप लागायला हवी होती.

३० ऑगस्ट, शनिवार

पार्वताबाई वाचनाला येत नाहीत. आज पानाचा कोपरा वाऱ्यानं दोनदा उलटला आणि मी तीच ओळ दोनदा वाचली. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं असतं.

संध्याकाळी त्यांच्या दाराशी भुऱ्याची जर्मनची ताटली दिसली. त्यात भात कालवलेला. केवळरामभाऊंचा कुत्रा येऊन खाऊन गेला. त्या बसून पाहत होत्या. हाकललं नाही.

माझंच बरोबर आहे. तरी घास उतरत नाही. असं कसं?

३ सप्टेंबर, बुधवार

आज भंडाऱ्याला गेले. यांना सांगितलं, तेल स्वस्त मिळते म्हणून. तेल घेतलं नाही.

जिथं सोडला म्हणतात तिथं गेले. कोंबडीच्या दुकानांमागे बरेच कुत्रे पडलेले. भुरकट दिसला की जवळ जात होते. पातळाचा पदर दोनदा चिखलात. एकानं दात दाखवले.

दुकानवाला, बाबुलाल म्हणून आहे, विचारू लागला, "काय पाहून राहिल्या बाई?" म्हटलं कुत्रा. कसा? भुरा, मान सोललेली. कुठला? कारध्याचा.

तो हसतच सुटला. "अवो बाई, तुमी कारध्यावाले तुमचे कुत्रे इकडं सोडता, आमी भंडाऱ्यावाले आमचे तिकडं. पूल कायले बांधला सरकारनं? कुत्र्यायची बदली कराले!"

मग माझं तोंड पाहून हसू आवरलं. म्हणाला, "होता एक तसा. पोळी घेऊन बसला होता. खाये नाई, कोनाले खाऊ दे नाई. मंग दिसला नाई."

बसमध्ये एकच विचार. मी त्याला शोधायला का गेले? सापडला असता तर काय करणार होते? घरी आणून बांधणार होते का!

७ सप्टेंबर, रविवार

पौर्णिमा. उपोसथाचा उपास धरला. आठ शीलं घेतली. पहिल्याच शीलाला आवाज बसला. बाया म्हणाल्या, उपाशी आहे म्हणून.

पार्वताबाई आजही नाहीत. खीरदान त्यांच्या घरी मीच घेऊन गेले. "जयभीम" म्हटलं. त्यांनीही म्हटलं. खीर घेतली, वाटी लगेच धुऊन परत दिली. वाटी ठेवून घेतली असती तर परत द्यायला आल्या असत्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

आता तर काहीच कळत नाही. पांढरी तलंग — अजून अंड्यावरही आली नव्हती — डालीजवळ मरून पडलेली. मुंडकं नाही. बाकी अंग आहे तसं.

भुरा तर इथं नाही!

हे म्हणाले, "मुंगूस असन. मुंडकं खाते न बाकी टाकून जाते. लालीले मुंडकं होतं का?"

होतं का? मी आठवून पाहते. पंख आठवतात, पिसं आठवतात, शेपूट हलवणारा भुरा आठवतो. मुंडकं आठवत नाही. पुरताना पाहिलंच असेल ना मी! नाही आठवत.

समजा, लाली पडेल होती. समजा, त्यानं उचललीच फक्त. पण मग कवडी? कवडीचं तर पीसही सापडलं नाही. मुंगूस अख्खी कोंबडी नेत नाही. कोणीतरी नेलीच ना? ती भुऱ्यानंच नेली असेल. नेलीच असेल. नाही तर मी काय केलं मग?

हर्षाला फोन लावला. म्हणाली, "आई, आता तू ठरव, तुले कुत्रा गुन्हेगार पाहिजे की नको?" पोरीला शिकवलं ते असं बोलायला!

११ सप्टेंबर, गुरुवार

पार्वताबाईंशी बोलायचं ठरवून गेले. मीठ मागून परत आले. मीठ घरात होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी कुपाटीपलीकडून हाक. इतक्या दिवसांत पहिली. "हर्षाच्या आई, येऊन पाह्य वो. माह्या बंद खोलीत कोनी चिवचिव करून राहिलं."

कडी काढली. सरपणामागे भुऱ्याचं जुनं पोतं. पोत्यावर कवडी! सुकलेली, पिसं फुगवून, माझ्यावरच चोच उगारणारी. पोटाखालून पिल्लं डोकं काढत होती. आम्ही दोघी खाली बसलो. पार्वताबाईंना त्या अंधारात मोतीबिंदूमुळे मोजता येत नव्हती, मी मोजली. अकरा.

मोजून झाल्यावर मी हिशेब केला. कोंबडी दिवसाला एकच अंडं देते. म्हणजे ती रोज मोरीतून त्या पोत्यावर येत होती, आणि तेव्हा लोढणं घातलेला भुरा तिथंच, तिच्या शेजारी पडून होता. त्यानं एका अंड्याला तोंड लावलं नाही.

पार्वताबाईंनीही तेवढाच हिशेब केला असेल. मुठीत तांदळाची कनकी आणली आणि कवडीपुढे टाकली.

हे गाडी काढून राहिले, भुऱ्याला शोधायला भंडाऱ्याला जायचं. मी मागे बसणार आहे. फडक्यात दोन पोळ्या बांधल्या आहेत, पार्वताबाईंच्या हातच्या — माझ्या हातची त्यानं घेतली नाही तर?