लोण्यासारखा बंद होणारा बोल्ट

प्रिय मार्लिस,

इतके महिने लिहिलं नाही, माफ कर. रागात होतो. अजून आहे, पण तुझ्यावर नाही. आधी एक ऐक: हे वाचून होईपर्यंत रायफलीला हात लावू नकोस.

राग तुझ्या नवऱ्यावर आहे. उन्हाळ्यात गॅरेट माझी रायफल न्यायला इथे लुईस्टाउनला आला. तिचं काडतूस कुठल्याच कारखान्यात होत नाही, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. दुसऱ्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, ती भरून एकदा झाडायची, की पितळ फुगून आपल्या नळीतल्या चेंबरच्या मापाचं होतं. पण त्याआधी पुंगळीची मान रुंद करून परत आवळायची आणि खांद्यापाशी बारीक पायरी ठेवायची. मग मागचा बोल्ट ढकलून चेंबर बंद करताना तळहाताला जोर लागतो. लागलाच पाहिजे! पुंगळी मागे टेकून घट्ट बसल्याची तीच खूण. मी सांगत होतो आणि हा सँडविच खात होता. म्हणाला, "अहो आर्नी, बाळंतिणीला नाही जपत कोणी एवढं!"

मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, तेवढ्यात हा एकटाच खडीच्या खाणीत जाऊन सगळ्या पुंगळ्या झाडून आला. डोळे वाचवायला चष्मासुद्धा नाही. वर फुशारकी, "तुमची पायरीबियरी काही केली नाही. बोल्ट कसा लोण्यासारखा बंद होतो!" मी ओरडलो. तो हसला, "तुम्हाला तर टोस्टरसुद्धा फुटेल असं वाटतं." पुढचं भांडण, आणि रायफल-पुंगळ्या घेऊन त्याचं निघून जाणं, तुला ठाऊक आहे. फोनवर तू त्याचीच बाजू घेतलीस.

काल शेड झाडताना त्याच्या मागे राहिलेल्या काही पुंगळ्या बाकाखाली सापडल्या. टोक वाकवलेली तार आत फिरवली. बुडाच्या जरा वर तार अडकते, प्रत्येकीत! सैल पुंगळी पिनेच्या ठोक्यानं पुढे सरकते, बार उडताना मागे ताणली जाते, आणि तिथे पितळ कागदासारखं पातळ होतं. पहिल्या बाराला कळत नाही. पुढच्या एखाद्या बाराला बूड तुटतं आणि धग उलटी चेहऱ्यावर येते. लोण्यासारखा म्हणे!

गॅरेटला फोन केला. "झालं परत सुरू तुमचं?" म्हणाला आणि ठेवून दिला. तुझा फोन लागत नाही. मरू दे, ज्याचं तोंड त्याचं, असंही मनात आलं. रागात माणूस काय वाट्टेल ते म्हणतो.

पण आज चर्चबाहेर वर्ना इंगस्टॅड भेटली. तिच्याकडून कळलं, शनिवारी एल्क हरणांची शिकार सुरू होतेय, आणि त्याच पुंगळ्या भरून गॅरेटनं तुला दिल्यात, यंदाचा पहिला बार मार्लिसचा म्हणून. तुला, मार्लिस! वर्ना उद्या तुमच्या बिलिंग्जला येतेय, तिच्याच हाती हे देतो. त्यातलं एकही काडतूस झाडू नकोस. सगळी माझ्याकडे पाठव, मोडायला मी आहे. गॅरेटशी भांडायचं नसेल तर पोट दुखतंय म्हण, काहीही म्हण. वर्ना परत निघायच्या आत तिच्याजवळ दोन ओळी दे. 'नाही झाडत' एवढंच लिहिलंस तरी पुरे, पण लिही. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझाच,
पप्पा