लेकराच्या वतीने

आबा, परवाच्या रविवारी मी एका लेकराची धर्ममाता झाले. दृढीकरणाच्या वर्गात प्रश्न विचारून विचारून पाळकसाहेबांना भंडावून सोडणाऱ्या तुमच्या या मुलीला, या वयात, कुणी हे काम सांगितलं म्हटल्यावर तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात. इथे धुळ्यात, देवपुरात, आमच्या शेजारी आपल्याच ल्युथरन मंडळीतली एक तरुण शिक्षिका राहते. ती बाळाला कडेवर घेऊन आली आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, काकू, बाप्तिस्म्याला तुम्ही उभ्या राहा. मी भरताची वांगी भाजत होते, हो म्हणून गेले. ती गेल्यावर लक्षात आलं, आपण कशाला हो म्हटलं ते. धर्ममातेला वेदीपुढे लेकराच्या वतीने सांगावं लागतं की देवावर विश्वास आहे, आणि तुमचे जावई गेल्यापासून मी एकदाही प्रार्थना केलेली नव्हती.

राग आहे, आबा. लपवत नाही. ते दवाखान्यात होते तेव्हा मंडळी रोज संध्याकाळी बाहेर व्हरांड्यात प्रार्थनेला उभी राहायची, कामावरून परस्पर आलेली माणसं, हातात डबे तसेच. तरी गेले. नवे पाळक म्हणाले, प्रभूची इच्छा. मी म्हटलं, मग एवढ्या माणसांना ताटकळत कशाला ठेवलं त्याने? ते बिचारे तरुण आहेत. उपासनेला मात्र जाते. नाही गेले तर दुपारपर्यंत चारजणी तब्येत विचारायला येतात, त्यांना चहा करत बसण्यापेक्षा चर्चचा बाक परवडला. गीतांचं पुस्तक उघडते आणि ओठ मिटून बसते. तसं बसलं की तुमची फार आठवण येते.

आई गेली तेव्हा आपण अमळनेरला होतो. तुम्ही तेलाच्या मिलमध्ये, कपड्यांना कायम सरकीचा वास. आपली मंडळी धुळ्याला, म्हणून दर रविवारी सकाळची एसटी. आई गेल्यावरही तुम्ही एक रविवार चुकवला नाहीत, पण चर्चमध्ये तुमचं तोंड उघडेना. सगळे आमेन म्हणताहेत आणि तुम्ही समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघताय. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे उठतात, तुम्ही गुडघे बाजूला करून लोकांना वाट देताय. तुमच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हे सहन होईना. स्टँडवर चारचौघांत तिने तुम्हाला धरलं, "बठ्ठा आमेन म्हणतस, तू मुका शे का?" तुम्ही तिच्या हातात शेंगदाण्यांची पुडी ठेवलीत, तेवढ्यात बस लागली.

मी तेव्हा दृढीकरणाच्या वर्गात जात होते, बाप्तिस्म्याची कबुली आता स्वतःच्या तोंडाने द्यायची होती; म्हणजे देवाबद्दलचं सगळं मलाच ठाऊक होतं. एका संध्याकाळी तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होता. आईसारख्या गोल तुम्हाला कधी जमल्या नाहीत. मी विचारलं, विश्वासच उरला नसेल तर जाता कशाला, लोकांना दाखवायला? तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "तुझ्या बाप्तिस्म्याला तू काय बोलली होतीस? नुसती रडत होतीस. तुझ्या वतीने आम्ही बोललो. आता माझ्या वतीने मंडळी बोलते. मी बाकावर बसून आहे, तेवढं माझ्याकडून."

मला ती चक्क पळवाट वाटली. काही दिवस मी तुमच्याशी तुटक वागले, आणि तुम्ही ते लक्षात न आल्यासारखं दाखवलंत. पुढे मी नर्सिंगला धुळ्याला आले, आणि कधीतरी ध्यानात आलं की तुम्ही पुन्हा आमेन म्हणताय. कधीपासून, कशामुळे, ते विचारायचं राहूनच गेलं. आज मला नेमकं तेच विचारायचं होतं.

दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी शेजारी जाऊन सांगून टाकलं की मला जमणार नाही. मी प्रार्थना करत नाही, देवापुढे खोटं बोलून तुझ्या बाळाची सुरुवात नको. ती दोरीवर लंगोट वाळत घालत होती. म्हणाली, "माहीत आहे मला, काकू. मी तुमच्या मागच्याच बाकावर असते. म्हणून तर तुम्हाला विचारलं. याला मोठेपणी कधी देवाचा राग आला, तर याने कुणाकडे जायचं?" तिने उरलेले चिमटे माझ्या हातात दिले आणि मी लंगोट वाळत घालू लागले.

मग मी एक युक्ती काढली. उपासनेच्या पुस्तकात धर्मपालकांचं उत्तर छापलेलं असतं: होय, मी विश्वास ठेवतो. बाळ मुलगा आहे, तेव्हा हे ठेवतो त्याचंच. बोलणं त्याचं, आपण फक्त तोंड उसनं द्यायचं. माझं स्वतःचं असतं तर मी बाई माणूस, ठेवते म्हटलं असतं. तेव्हा ठेवतो म्हणायचं, म्हणजे मीही खोटी पडत नाही आणि लेकराचंही अडत नाही. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. आठवडाभर पोळ्या लाटताना ठेवतो, ठेवतो असं घोकत होते.

रविवारी चर्च भरलं होतं. बाळ माझ्या हातात, पांढऱ्या झबल्यात, पावडरचा वास येत होता आणि त्याने माझ्या चष्म्याची काडी घट्ट धरली होती. पाळकांनी विचारलं, या लेकराच्या वतीने सांगा, पित्यावर विश्वास ठेवता काय? बाळाचा मामा धर्मपिता होता, तो खणखणीत आवाजात म्हणाला, ठेवतो. बाळाचे आईवडील म्हणाले, ठेवतो. मी जरा मागे पडले, आणि सगळे थांबल्यावर माझं एकटीचं ऐकू गेलं, ठेवते. बाळाच्या आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

नंतर चहाच्या वेळी मी तिला म्हटलं, अगं, सवयीने बाईचं रूप तोंडात आलं. ती हसली. घरी आल्यावर देवाशी माझं काही गोड बोलणं झालेलं नाही, राग आहे तो आहेच. आपल्यात गेलेल्या माणसाला हाक मारायची रीत नाही, त्यामुळे हे पत्रही माझ्यापाशीच राहणार. पण तिला जे सांगितलं ते तितकंसं खरं नव्हतं, आबा. तो प्रश्न तीनदा विचारतात, पित्याविषयी, पुत्राविषयी, पवित्र आत्म्याविषयी. पहिल्यांदा गेलं असेल सवयीने. पुढच्या दोन्ही वेळा मी जाणूनबुजून ठेवते म्हणाले.