पत्र्याखालचा मचवा

बाबा, आज सकाळपासून मी आपल्या मचव्यात पाणी भरतोय. आत आलेलं पाणी उपसण्यात जन्म गेला, आणि आता नळाचा पाइप ओढून तेच आत सोडतोय म्हणून वाडी हसतेय. तुम्ही हसला नसतात. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तुम्ही हेच करत होतात. पावसाळाभर खाडीकाठी नारळाच्या झापांखाली शाकारून ठेवलेला मचवा आतून पाण्याने भरायचा आणि तसाच राहू द्यायचा. फळ्या फुगायच्या, फटी मिटायच्या, मगच तो खाडीत लोटायचा. एका वर्षी चिऱ्यांची खेप अडली म्हणून मी घाई केली, तर सगळ्या खलाशांदेखत तुम्ही माझ्यावर उखडलात. "सुकं लाकूड दर्यात घालतोस? आधी त्याला पानी पिऊ दे. लाकूड पान्यात ऱ्हायलं तर जगतं, भायेर ऱ्हायलं तर उलतं." मी तेव्हा मान खाली घातली, आणि पुढे विसरून गेलो.

पुढे तुमच्या हातून सुकाणू घेऊन मचव्याचा तांडेल मीच झालो. माल घेऊन ट्रक दारापर्यंत पोचायला लागले, बाकीचे मचवे एकेक करून मोडीत गेले. अंजनवेलकडे कंपनीच्या बोटीवर पगारी काम घे म्हणून लोक मागे लागले होते, पण दुसऱ्याच्या बोटीचं सुकाणू धरायला हात धजावला नाही. खाडीच्या आतल्या गावांना चिरे, कौलं, सिमेंट पोचवत राहिलो. मचव्याचं इंजिन बदललं, फळ्या बदलल्या. माझी कंबर तेवढी बदलता आली नाही. गेल्या वर्षी ठरवलं की मचवा म्हातारा झालाय, आता त्याला विश्रांती देऊ. काठावर ओढून घेतला आणि झापांऐवजी वर चक्क नवे पत्रे घातले. तुमची सून म्हणाली, "घर गळतंय, नि मचव्याला पत्रं! त्याच्याशीच लगीन लावायचं व्हतं तुमी." मी हसण्यावारी नेलं. तापल्या पत्र्याखाली तो वर्षभर भाजत राहिला, आणि मला वाटत राहिलं की मी त्याला जपतोय. आता फळ्यांच्या फटींतून माझी बोटं आरपार जातात.

मालगुंडकडचा एक हॉटेलवाला या फळ्या मागतोय. पर्यटकांना बसायला बाकं करणार म्हणे. मचव्याने पाणी धरलं नाही तर उद्या या, असं त्याला सांगून बसलोय, म्हणून हा सगळा खटाटोप. ओतलेलं पाणी मात्र खालून सरळ वाळूत जातंय. पाइप धरून उभा राहिलो की तुम्ही दिसता, पडवीत, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत. तुमचा खोकला वाढला तेव्हा ती खुर्ची मीच हौसेने आणली आणि म्हटलं, "बाबा, खूप केलंत, आता बसा." तिथून खाडीचं तोंड दिसतं. मी निघालो की तुम्ही विचारता, "एक खेप येऊ काय रे? नुसता बसून ऱ्हायन." मी म्हणतो, "पुढच्या खेपेला." दर वेळी तेच. आधी तुमचे हात बारीक झाले, मग आवाज. पुढची नारळी पौर्णिमा तुम्ही पाहिलीच नाहीत. डॉक्टर छातीचं दुखणं म्हणाले, पण आज मला ते तेवढंच वाटत नाही. एक खेप नेलं असतं तर काय बिघडलं असतं, बाबा? हे फार जिवाला लागून राहिलंय.

संध्याकाळ झाली, नळाचं पाणीही गेलं. तुमची सून मघाशी येऊन फटींवर हात फिरवून गेली. "तो काय आता पानी धरत न्हाय. जेवायला चला," एवढंच म्हणाली, आणि या वेळी टोमणा मारला नाही. हॉटेलवाल्याला फोन करायचाय, अजून केलेला नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून खिशात ठेवीन. एक तेवढं सांगायचं राहिलं. मचवा थकला, त्याला विश्रांती हवी, असं मी वाडीभर सांगत फिरलो. शेवटच्या खेपेलाही तो नेहमीपेक्षा थेंबभर जास्त पाणी आत घेत नव्हता, बाबा. थकलो होतो तो मी.