भागूबाईची चाल

औरंगाबाद,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

चि. मुकुंदास शैलाताईचे अ. उ. आ.

तुझं गाणं गुलमंडीवरच्या हॉटेलांत दिवसभर वाजतंय. शाळेतल्या मुली मला त्या गाण्यावाल्यांची बहीण म्हणतात. मीही मिरवते, खोटं कशाला सांगू?

पण रविवारी दौलताबादला भागूबाईकडे गेले होते. रझाकारांच्या दिवसांत तिनं आपल्याला शेतातल्या खोपटात ठेवून घेतलं. तुला मुदतीचा ताप आला, तेव्हा तीन आठवडे तुझ्या उशाशी बसून ती अंगाई म्हणायची. तिनं स्वतः रचलेली, देवीच्या साथीत गेलेल्या लेकीसाठी. तीच चाल तू त्या छेडछाडीच्या गाण्याला लावलीस. मी ऐकताक्षणीच ओळखली आणि गप्प बसले.

मागच्या महिन्यात एका बारशाला तिनं पाळण्यापाशी ती अंगाई धरली, तर बायका हसल्या. म्हातारीला सिनेमाचं याड लागलं म्हणाल्या. ती मध्येच थांबली, ती आजतागायत गायली नाही. तू येऊन त्या बायकांना खरं काय ते सांग.

तब्येत सांभाळ. माझ्यावर रागावू नकोस.
तुझी ताई


मुंबई,
ता. २ मार्च १९५९

ती. शैलाताईस मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

चाल चोरली असं तू लिहिलं नाहीस, एवढे उपकार. ताई, इथं सगळेच इकडून तिकडून घेतात. माझीच एक चाल मी लय बदलून तीन चित्रपटांत वापरली, कुणाला पत्ता लागला नाही.

ही चाल मुद्दाम घेतली नव्हती. निर्मात्याला दुपारपर्यंत गाणं हवं होतं. पेटीवर बोटं ठेवली आणि ती आली. मला माझीच वाटली. भागूबाई आठवली ती रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही.

एप्रिलात नक्की येतो. तोवर माया पातळ करू नये.
तुझा मुकुंद


मुंबई,
ता. ३ नोव्हेंबर १९५९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

एप्रिलचा ऑक्टोबर झाला. मागच्या आठवड्यात आलो तेव्हा तू प्रशिक्षणाला नांदेडला होतीस. मी तसाच दौलताबादला गेलो.

भागूबाईच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. चाल हिची आहे, मी हिला न विचारता घेतली, असं त्यांना सांगितलं. त्यांना पटलं. एक-दोघी ओशाळल्याही. मला हलकं वाटलं.

बायका गेल्यावर तिनं भाकरी वाढली. जेवताना म्हणाली, लेकरा, तू आलास ते बरं झालं, मला ते गाणं आठवंना झालंय. म्हणायला गेलं की तुझा ठेकाच तोंडात येतो. जुनं कसं होतं, म्हणून दाखव.

मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा माझंच गाणं आलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

ताई, तूही तेव्हा उशाशी असायचीस. तुला येत असेल तर तिच्याकडे जा.

तुझा अपराधी,
मुकुंद


औरंगाबाद,
ता. २३ नोव्हेंबर १९५९

चि. मुकुंदास अ. आ.

काल जाऊन आले. चाल मलाही आठवली नाही. ओठांवर आलं ते हॉटेलातलंच. शब्द मात्र सगळे पाठ होते. मग कविता म्हणावी तसे नुसते म्हटले. भागूबाई डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या ओळीत तिच्या गेलेल्या लेकीचं, साळूचं नाव आहे. तिथं तिनं मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. मी चार-पाच वेळा तरी म्हटली असेल.

निघताना म्हणाली, नाव हाये ना त्यात अजून, मग लई झालं.

तुला कळवावं की नाही, या विचारात होते. पण तिनंच सांगितलंय, मुकुंदाला लिव्ह म्हणून. भागूबाईची आणि साळूची आठवण असू दे.

तुझी ताई